लाडाने मरणारी वनस्पती : घरच्या कुंडीत 'दवबिंदू' कसा वाढवावा?

बागकामाची आवड असलेल्या घरात नवे रोप आले, की त्याचे स्वागत ठरलेल्या पद्धतीने होते. चांगली माती, मूठभर शेणखत, नळाचे भरपूर पाणी आणि पहिले काही दिवस सावली. गुलाबापासून तुळशीपर्यंत बहुतेक झाडे या पाहुणचाराने सुखावतात. 'दवबिंदू' ही कीटकभक्षी वनस्पती मात्र याच पाहुणचाराने काही आठवड्यांत मान टाकते. पानांवरचे चमकदार थेंब आटतात, पाने काळी पडतात आणि शेवटी कुंडीत उरते ती निव्वळ माती. 'हे झाड नाजूक आहे, आपल्याकडे जगत नाही,' असा निष्कर्ष काढून मालक मोकळा होतो.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दवबिंदू नाजूक नाही. जिथे अन्य वनस्पतींना उभे राहणेही अवघड, अशा निकृष्ट जमिनीवर तो हजारोंच्या संख्येने उगवतो. त्याच्या काही जाती तर महाराष्ट्राच्या सड्यांवर दर पावसाळ्यात दिसतात. त्याला सोसत नाही ती समृद्धी. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, तर खिडकीतल्या चार इंची कुंडीतही दवबिंदू उत्तम वाढतो आणि त्यासाठी डोंगरावरचे एकही रोप उपटावे लागत नाही.

गरिबीतून आलेली शिकार

दवबिंदूचे शास्त्रीय कुलनाम 'ड्रोसेरा'. दवाने भिजलेला, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. जगभरात या कुलाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. जातीगणिक पानाचा आकार बदलतो. कुठे ते चमच्यासारखे, कुठे पट्टीसारखे, तर कुठे गवताच्या पात्यासारखे असते. मात्र पानावरचे तंतू सर्वांना सारखेच असतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक ग्रंथी आणि तिच्यावर चिकट, पारदर्शक द्रवाचा थेंब असतो. सकाळी सूर्य वर आला, की दव नाहीसे होते. या पानांवरचे थेंब मात्र भर उन्हातही चमकत राहतात.

या चकाकीला भुलून चिलट किंवा मुंगी पानावर उतरते आणि चिकटते. सुटकेसाठी ती धडपडू लागली, की आजूबाजूचे तंतू तिच्याकडे वाकतात. काही जातींत पानही हळूहळू कीटकाभोवती गुंडाळले जाते. त्यानंतर ग्रंथींतून आम्ल व पाचक रस स्रवतात, कीटकाच्या शरीरातील मऊ भाग विरघळतो आणि पान तो शोषून घेते. काही दिवसांनी पान पुन्हा उलगडते, तेव्हा त्यावर कीटकाचे कोरडे कवच तेवढे उरलेले असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कीटक हे या वनस्पतीचे जेवण नव्हे. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे दवबिंदूही सूर्यप्रकाश, पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून स्वतःचे अन्न तयार करतो. कीटकांपासून त्याला मिळतात ती नत्र आणि स्फुरद यांसारखी पोषकद्रव्ये. ज्या जमिनीत तो वाढतो, तिथे ही द्रव्ये जवळजवळ नसतात. सड्यावर खडकावरचा मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि धो-धो पावसात त्यातले पोषण वाहून जाते. अन्य झाडे जे मुळांनी मिळवतात, ते दवबिंदू पानांनी मिळवतो. त्यामुळे त्याची मुळे साधी आणि अपुरी राहिली आहेत. पाणी शोषणे आणि रोपाला जागेवर धरून ठेवणे, एवढेच त्यांचे मुख्य काम. क्षार किंवा खताचा मारा सोसण्याची ताकद त्यांच्यात नसते. घरच्या कुंडीतील बहुतेक मृत्यूंचे कारण हेच आहे.

डार्विनची पंधरा वर्षे

१८६० च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात सुटीवर गेले होते. तेथील माळावर गोल पानांच्या दवबिंदूवर, म्हणजे 'ड्रोसेरा रोटुंडिफोलिया'वर, अडकलेले असंख्य कीटक त्यांना दिसले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. पुस्तकावरून इंग्लंडमध्ये वादळ उठले असताना डार्विन घरी काही रोपे नेऊन त्यांच्या पानांवर निरनिराळे पदार्थ ठेवून पाहत होते. हे प्रयोग पुढे अनेक वर्षे चालले आणि १८७५ मध्ये 'इन्सेक्टिव्होरस प्लँट्स' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचा अर्क असे नत्रयुक्त पदार्थ ठेवले, की तंतू वाकत. साखरेचे पाणी, डिंक, तेल किंवा चहाचे थेंब टाकले, तर ते स्वस्थ राहत. अवघ्या ०.०००८ मिलिग्रॅम वजनाच्या मानवी केसाच्या तुकड्यानेही तंतू वाकल्याची नोंद डार्विन यांनी केली. पावसाच्या जड थेंबांनी मात्र तो हलत नव्हता. खोट्या इशाऱ्यावर शक्ती वाया न घालवण्याची ही सोय आहे.

कीटक मिळाल्याने वनस्पतीचा फायदा किती होतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ मध्ये दिले. त्यांनी काही रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले आणि काहींना कीटकांपासून पूर्णपणे दूर ठेवले. उपाशी रोपेही जगली. मात्र खाऊ घातलेल्या रोपांनी दिलेल्या बियांचे एकूण वजन उपाशी रोपांच्या तिपटीहून अधिक भरले. घरी दवबिंदू वाढवणाऱ्याने यातून घ्यायचा धडा असा, की कीटक मिळाले नाहीत म्हणून रोप मरत नाही. ते मरते ते अन्य कारणांनी.

सड्यावरचे रोप घरी का आणू नये?

भारतात दवबिंदूच्या प्रामुख्याने तीन जाती नोंदल्या गेल्या आहेत. 'ड्रोसेरा बर्मानाय' ही जमिनीलगत नाण्याएवढी चकती करून बसणारी. 'ड्रोसेरा इंडिका' ही उभी, लांब अरुंद पानांची, तिला मराठीत 'गवती दवबिंदू' म्हणतात. तिसरी 'ड्रोसेरा पेल्टाटा' डोंगराळ प्रदेशात वाढते आणि जमिनीतील छोट्या कंदाच्या आधारे कोरडा काळ काढते. पहिल्या दोन जाती साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात आढळतात. गेंद आणि सीतेची आसवे यांच्या दाटीत लालसर ठिपक्यांसारखा दवबिंदू शोधावा लागतो. यांपैकी 'सीतेची आसवे' हीसुद्धा कीटकभक्षीच. तिचे सापळे जमिनीखालच्या ओल्या थरात असतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचाही समावेश आहे. तेथील फुले वा रोपे तोडण्यास मनाई आहे.

तरीही एखादे रोप मातीच्या गोळ्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेण्याचा मोह पर्यटकांना होतो. हा मोह दोन्ही बाजूंनी तोट्याचा ठरतो. कासवरच्या या दोन्ही जाती तेथे एका हंगामाच्या आहेत. पावसात उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि सडा वाळला की मरून जायचे, हे त्यांचे आयुष्य. सप्टेंबरमध्ये उपटलेले रोप घरी कितीही जपले, तरी त्याचे फार थोडे दिवस उरलेले असतात. पुढच्या पावसाळ्यातील रोपे मात्र याच रोपांच्या बियांतून उगवायची असतात. त्यामुळे एक रोप नेणारा माणूस प्रत्यक्षात त्या जागेच्या पुढल्या वर्षाची बेगमीच घेऊन जातो आणि त्याच्या हाती मरणपंथाला लागलेले रोप येते.

याला पर्याय सोपा आहे. कीटकभक्षी वनस्पतींची लागवड करणाऱ्या रोपवाटिकांकडून किंवा हौशी बागायतदारांकडून बी अथवा कुंडीत वाढलेले रोप घ्यावे. ते बियांपासून, पानाच्या तुकड्यापासून किंवा ऊतिसंवर्धनाने तयार झालेले आहे, याची खात्री करून घ्यावी.

कोणती जात निवडावी?

नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाची जात म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताची 'ड्रोसेरा केपेन्सिस'. लांब देठाची पट्टीसारखी पाने, जांभळट गुलाबी फुले आणि चुका पोटात घालण्याची वृत्ती ही तिची वैशिष्ट्ये. ही जात बहुवर्षायू आहे. वरचा भाग काही कारणाने वाळला, तरी मुळांतून पुन्हा फूट येते. पान कीटकाभोवती गुंडाळले जाताना पाहायचे असेल, तर हिच्यासारखी दुसरी नाही. पूर्व आशियापासून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत आढळणारी 'ड्रोसेरा स्पॅट्युलाटा' आकाराने लहान असून तीही सोपी आहे.

उष्ण, दमट हवेत 'ड्रोसेरा बर्मानाय' चांगली वाढते. तिच्या कडेचे तंतू काही सेकंदांत वाकतात, त्यामुळे मुलांना दाखवण्यासाठी ती उत्तम. मात्र ती अल्पायुषी असल्याने दरवर्षी बी धरून ठेवावे लागते. डार्विन यांची गोल पानांची जात मात्र आपल्याकडे टाळावी. तिला हिवाळ्यात गोठवणाऱ्या थंडीची विश्रांती लागते आणि ती मुंबई, पुणे वा नागपूर यांपैकी कोठेही मिळणे शक्य नाही.

कुंडीत माती नको

बागेतील माती, गांडूळखत, शेणखत, निंबोळी पेंड, रासायनिक खत यांपैकी काहीही दवबिंदूच्या कुंडीत जाता कामा नये. रोपवाटिकेत मिळणारे तयार मिश्रणही चालत नाही, कारण त्यात बहुधा खत मिसळलेले असते.

जगभर वापरले जाणारे मिश्रण म्हणजे पीट मॉस आणि परलाइट किंवा धुतलेली सिलिका वाळू, समप्रमाणात. पीट मॉस म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचलेले शेवाळाचे आम्लधर्मी अवशेष. सुकवलेले स्फॅग्नम शेवाळ नुसते वापरले तरी चालते. या दोन्ही वस्तू कुंड्या व बागेचे साहित्य विकणाऱ्या मोठ्या दुकानांत मिळतात. पाकिटावर 'खत मिसळलेले' असा उल्लेख नाही ना, एवढे मात्र वाचून घ्यावे.

नारळाच्या काथ्याचे कोकोपीट आपल्याकडे स्वस्त व सहज मिळते. तथापि त्यात मिठाचा अंश बराच असतो. ते वापरायचेच असेल, तर भरपूर पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी टाकून देण्याची क्रिया चार-पाच वेळा करावी आणि शेवटची धुलाई पावसाच्या पाण्याने करावी.

वाळूच्या बाबतीतही सावध राहावे. समुद्राच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बांधकामाच्या वाळूत सिमेंट किंवा चुन्याचा अंश असू शकतो. पाणी गाळण्याच्या फिल्टरमधील सिलिका वाळू सर्वांत सुरक्षित. शंका असल्यास वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फेस आला, तर त्यात चुना आहे असे समजावे.

कुंडी प्लास्टिकची, तळाला भोके असलेली आणि किमान १० सेंमी खोल असावी. मातीच्या कुंडीतून क्षार पाझरतात आणि तिच्या बाजूंवर साचतात, म्हणून ती टाळलेली बरी.

खरी कसोटी पाण्याची

दवबिंदू वाढवण्यातील निम्मे यश पाण्यावर अवलंबून असते. नळाच्या आणि विशेषतः बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात. गुलाबाला त्याने काही होत नाही. दवबिंदूच्या कुंडीत मात्र पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. दिवसागणिक ते साचत जातात आणि काही महिन्यांत मुळे करपतात. आरंभी रोप ठणठणीत दिसत असल्याने मालकाचा पाण्यावर संशयही जात नाही.

विरघळलेल्या घटकांचे प्रमाण 'टीडीएस' या मापाने सांगतात. दवबिंदूसाठी ते ५० पीपीएमपेक्षा कमी असावे. हे मोजणारा पेनाच्या आकाराचा मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि या छंदात तो पैसा सत्कारणी लागतो.

सर्वोत्तम पाणी पावसाचे आणि ते फुकट मिळते. ते साठवण्याच्या पद्धतीत मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात हवेतील धूळ असते. गच्चीवरून किंवा सिमेंटच्या पत्र्यांवरून वाहत आलेले पाणी घेऊ नये, त्यात सिमेंटमधील चुना उतरतो. त्याऐवजी उघड्यावर टब किंवा स्वच्छ प्लास्टिक अंथरून थेट आभाळातून पडणारे पाणी धरावे. आणि साठवलेले पाणी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये सावलीत ठेवावे, म्हणजे त्यात डास होणार नाहीत आणि शेवाळही धरणार नाही.

किती पाणी साठवावे, याचा ढोबळ हिशेब करता येतो. साधारण २० बाय २५ सेंमीच्या ताटलीत चार-पाच लहान कुंड्या मावतात. कडक उन्हाळ्यात अशा ताटलीला रोज पाव लिटरच्या आसपास पाणी लागते, हिवाळ्यात त्याहून कमी. नोव्हेंबर ते मेअखेर या सात महिन्यांसाठी २० लिटरचे दोन-तीन कॅन पुरतात.

पावसाचे पाणी संपल्यास डिस्टिल्ड वॉटर वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही क्षारमुक्त असते, यंत्र स्वच्छ असल्यास ते चालते. घरातील आरओ यंत्राचे पाणी वापरण्यापूर्वी मोजून घ्यावे. अनेक यंत्रे चवीसाठी पाण्यात पुन्हा क्षार मिसळतात. या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते, ते चुकूनही देऊ नये. बाटलीबंद मिनरल वॉटरही अयोग्य. पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट त्यांचे प्रमाण वाढू शकते.

पाणी वरून न घालता कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत एक ते दोन सेंमी पाणी ठेवावे. कुंडी ते खालून ओढून घेते आणि पानांवरचे थेंब धुपत नाहीत. मात्र आपल्याकडे डेंगी पसरवणाऱ्या डासांची पैदास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात होते. त्यामुळे आठवड्यातून एकदा ताटली पूर्ण रिकामी करून, घासून पुसावी आणि मगच नवे पाणी भरावे. 'डास खाणारे झाड' म्हणून आणलेल्या रोपाखालीच डासांची वीण वाढावी, यासारखा विनोद नाही. घरातील डास वा माश्या संपवण्याची अपेक्षाही या वनस्पतीकडून ठेवू नये. तिची भूक तेवढी मोठी नाही.

ऊन आणि हवा

दवबिंदू उघड्या माळावरचा रहिवासी आहे. दिवाणखान्यातील टीपॉय ही त्याची जागा नव्हे. त्याला दिवसातून किमान चार-पाच तास थेट ऊन हवे. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची खिडकी, गॅलरीचा कठडा अशा जागा उत्तम. ऊन पुरेसे आहे की नाही, हे रोप स्वतः सांगते. भरपूर उन्हात तंतू लाल होतात आणि थेंब टपोरे दिसतात. पाने फिकट हिरवी, लांबुडकी आणि थेंबांविना कोरडी दिसू लागली, तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे.

सावलीत वाढलेले रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नये. रोज तास-अर्धा तास वाढवत दोन आठवड्यांत त्याला सवय लावावी. ज्या सदनिकांत ऊन येतच नाही, तेथे रोपाच्या १५ ते २० सेंमी वर पांढरा एलईडी दिवा लावून दिवसाला बारा ते चौदा तास प्रकाश देता येतो.

हवेत दमटपणा हवा म्हणून अनेक जण रोप काचेच्या बंद बरणीत ठेवतात. अशा बरणीवर ऊन पडले, की आतले तापमान भराभर वाढते आणि रोप अक्षरशः शिजते. मुळांशी पाणी असेल, तर खेळत्या हवेत रोप अधिक निरोगी राहते.

भरवावे की भरवू नये?

गॅलरीत ठेवलेला दवबिंदू आपली शिकार आपणच करतो. चिलटे, फळमाश्या, लहान मुंग्या त्याला पुरेशा होतात. बंद घरातील रोपाला वाढीच्या काळात तीन-चार आठवड्यांतून एकदा थोडे भरवले, तर वाढ वेगाने होते. त्यासाठी माशांच्या टाक्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या सुकवलेल्या लाल अळ्या सोयीच्या. मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात ओला करून एक-दोन पानांवर ठेवावा. मेलेला कीटक हलत नसल्याने टाचणीच्या टोकाने अलगद डिवचावे लागते.

मटण, चिकन, पनीर, भाताचे शीत किंवा दूध देऊ नये. डार्विन यांनी मांस दिले होते, हे खरे. पण ते प्रयोगासाठी आणि कणभर. मोठा तुकडा पानाला पचत नाही. तो सडतो, त्यावर बुरशी येते आणि पान गळते. पानापेक्षा मोठा कीटक देऊ नये. पान मिटते कसे हे पाहण्यासाठी वारंवार काडी लावणेही टाळावे. प्रत्येक हालचालीत रोपाची शक्ती खर्च होते.

वैशाखातील परीक्षा

केप प्रांतातील जातीला ३५ अंशांपुढील तापमान मानवत नाही. विदर्भ, मराठवाड्यात तर एप्रिल-मे हे महिने कसोटीचे. या काळात फक्त सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओले शेवाळ भरल्यास मुळे थंड राहतात. ताटलीतील पाणी तापत असेल, तर तीही सावलीत हलवावी. उन्हाळ्यात पाने आखूड झाली वा थेंब कमी झाले, तरी घाबरून खत घालू नये. पावसाळ्याच्या तोंडावर नवी पाने येतात.

पावसाळ्यात मुसळधार सरींनी थेंब धुऊन जातात, दोन-तीन दिवसांत ते पुन्हा येतात. सततच्या झडीत करड्या बुरशीचा धोका असतो, तेव्हा रोप आडोशाला पण मोकळ्या हवेत ठेवावे आणि वाळलेली पाने कापून टाकावीत.

लक्षणे ओळखा

नव्याने आणलेल्या रोपावर आठ-दहा दिवस थेंब नसणे स्वाभाविक आहे. प्रवासाचा तो परिणाम असतो. खालची जुनी पाने काळी पडणे हेही नेहमीचे. मधली नवी पाने निरोगी आहेत ना, एवढे पाहावे. नवी पाने वेडीवाकडी येत असतील, तर त्यांत मावा दडलेला असण्याची शक्यता अधिक. कीटकनाशक मारण्याऐवजी कुंडीसह संपूर्ण रोप एक-दोन दिवस पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवावे. मावा मरतो, रोपाला बाधा होत नाही. माध्यमावर पांढरट थर दिसू लागला, तर ते क्षार साचल्याचे चिन्ह. अशा वेळी रोप विनाविलंब नव्या मिश्रणात लावावे. एरवीही वर्षा-दीड वर्षाने मिश्रण बदलणे हिताचे.

एकाची पन्नास रोपे

दवबिंदूची फुले पानांपासून दूर, उंच दांड्यावर येतात. परागसिंचन करणारा कीटक सापळ्यात अडकू नये, यासाठी ही रचना उपयोगी पडत असावी, असे मानले जाते. केप जातीत एका वेळी बहुधा एकच फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते. परागसिंचन आपोआप होते. दांडा वाळला, की तो कागदावर झटकावा. मिरपुडीहून बारीक काळे बी पडते. ते ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, झाकू नये. त्याला उगवण्यासाठी उजेड हवा. तीन-चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

त्याहून सोपा मार्ग पानाचा. निरोगी पान देठासह काढून पावसाच्या पाण्याच्या पेल्यात उजेडात तरंगत ठेवावे. महिना-दोन महिन्यांत पानावरच इवली रोपे फुटतात.

या विपुलतेबरोबर एक जबाबदारीही येते. केप प्रांतातील ही जात बी सहज पसरवते. न्यूझीलंडमध्ये उपद्रवी वनस्पतींच्या यादीत तिचे नाव असून तेथे तिची विक्री व लागवड करता येत नाही. 'निसर्गाला भेट' म्हणून परदेशी दवबिंदूचे बी सड्यावर किंवा ओढ्याकाठी टाकण्याचा विचारही करू नये. जास्तीची रोपे मित्रांना द्यावीत, शाळेच्या प्रयोगशाळेत द्यावीत. वनस्पतीही हालचाल करते, हे पुस्तकातील चित्रापेक्षा अशा एका कुंडीतून मुलांना अधिक लवकर कळते.

कुंडीतल्या रोपाने आणखी एक काम साधते. ज्याने वर्षभर क्षारमुक्त पाणी जपले, खत घालण्याचा हात आवरला आणि नव्या पानावर पहिला थेंब येण्याची वाट पाहिली, त्याला सड्याची किंमत वेगळ्या रीतीने समजते. तेथे गाडी चढवल्याने, शेणखताचा ढीग टाकल्याने किंवा मातीचा भराव घातल्याने नेमके काय नष्ट होते, हे त्याला सांगावे लागत नाही. आपण ओसाड म्हणतो ती जमीन कुणासाठी तरी अगदी हवी तशी असते. पुढच्या पावसाळ्यात कासच्या वाटेवर वाकून तो लालसर ठिपका पाहावा आणि हात मागे घेऊन पुढे जावे. घरच्या खिडकीत त्याचा भाऊबंद वाट पाहत असेलच.